विद्युत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

पहिल्या सत्रात संमिश्र संख्या आणि अवकल समीकरणे कच्ची ठेवू नका. मी ठेवली होती, आणि पुढे एसी सर्किटपासून मशीन्सपर्यंत प्रत्येक विषयात अडखळलो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण विद्युतशक्तीपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) पुस्तकातून उमगत नसेल, तर ओळखीने एखाद्या यंत्रमाग कारखान्यात जाऊन पाहा: कमी भारावर चालणाऱ्या इंडक्शन मोटारींमुळे तो घसरतो आणि कपॅसिटर लावून सावरावा लागतो. सोलापूर–रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली, तेव्हा दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक झाले, म्हणजे एकाच वारंवारतेने एकत्र चालू लागले. प्रयोगशाळेतला सिंक्रोनायझेशनचा (जनित्र चालू पुरवठ्याशी जोडण्याचा) प्रयोग त्याच तत्त्वावर चालतो, म्हणून व्होल्टेज, वारंवारता, फेजचा क्रम आणि फेजकोन जुळल्याखेरीज स्विच दाबू नका.