बेळगाव भागात राहून चर्च संगीताच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी कशी करावी?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: खानापूर तालुक्यातल्या चर्चमध्ये रविवारी कीबोर्ड वाजवता, बरंचसं ऐकून वाजवता, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेलं संगीत, हळूहळू वाचता येतं. आता प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची आहे. कुठली द्यावी आणि उपासनेचं काम सांभाळून अभ्यास कसा करावा, असं तुम्ही विचारलं आहे.

परीक्षा निवडताना एकच कसोटी लावा: तिच्यासाठी केलेला रियाज पुढच्या रविवारी मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, गाताना उपयोगी पडतो का. माझं मत ठाम आहे की ज्या तयारीचा उपासनेशी संबंध नाही ती चर्चमध्ये वाजवणाऱ्याकडून वर्षभर टिकत नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सच्या (स्थापना १८६४) परीक्षा चर्च संगीताच्या सगळ्यात जवळच्या. पण त्यांना पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा, म्हणजे पेडलबोर्डचा ऑर्गन लागतो. तो नियमित रियाजाला मिळत नसेल तर तिकडे आत्ता वळू नका. ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा एबीआरएसएम (असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक) यांच्या ग्रेड, म्हणजे पातळीनुसार होणाऱ्या, परीक्षा भारतातून देता येतात. ट्रिनिटीच्या समोरासमोर होणाऱ्या परीक्षेत १०० पैकी ६६ गुण तीन रचनांना, १४ तांत्रिक भागाला आणि २० दोन पूरक चाचण्यांना. ६० ला उत्तीर्ण, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. तिथे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हा स्वतंत्र विषय आहे, पण त्यात तयार ताल, आवाजांची निवड, बदल हेही तपासतात. उपासनेत तयार ताल लावणं मला पटत नाही, म्हणून तुमच्यासाठी पियानोची ग्रेड जास्त कामाची.

एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचना एका सलग व्हिडिओत वाजवून पाठवायच्या असतात. प्रत्येक रचनेला ३० आणि एकूण सादरीकरणाला ३०, असे १५० गुण; १०० ला उत्तीर्ण. चारपैकी एक रचना स्वतःच्या पसंतीची चालते, तिची काठिण्यपातळी ग्रेडला साजेशी हवी. तिथे एखाद्या गीताच्या चालीवरची पूर्ण लिहिलेली रचना घेतली की तीच प्रभुभोजनाच्या वेळीही वाजवता येते. गावाबाहेर न जाता परीक्षा देता येते, हाही फायदा आहे. एक अट लक्षात ठेवा: सहावी ग्रेड आणि पुढे जायचं असेल तर आधी सहसा पाचवीची थिअरी लागते. ती ७५ गुणांची, ऑनलाइन, पर्याय निवडायची. उत्तीर्ण व्हायला ५०. ती लवकर उरकून टाका.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, आपल्या भागात सहज देता येतात. हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात हार्मोनियम शिकवणारे मिळायला अडचण नाही. भजनं वाजवण्यासाठी ती उत्तम बैठक आहे. मात्र चार भागांत लिहिलेलं गीत वाजवणं त्यात येत नाही, म्हणून ती जोडीला करा, एकटी पुरणार नाही.

आता मुख्य काम, म्हणजे गीत बसवणं. चार ओळी असतात, वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास. ऐकून वाजवणारा माणूस उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, वाजवतो, त्यामुळे बासची ओळ हरवते आणि मंडळीच्या पायाखालचा आधार जातो. म्हणून सुरुवात बासपासून. पहिल्या दिवशी फक्त बास, मोजून, निम्म्या लयीत. मग बास आणि टेनर डाव्या हाताने. मग सोप्रानो आणि अल्टो उजव्या हाताने. मग बास आणि सोप्रानो या दोनच ओळी. या जोडीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण चुका इथेच ऐकू येतात. चारही ओळी एकत्र शेवटी. पुढेमागे पेडल मिळालं तर बास पायाकडे जाईल आणि डाव्या हाताकडे फक्त टेनर राहील. तेव्हा पाय आणि डावा हात या दोघांचाच रियाज वेगळा करावा लागतो, कारण डावा हात सवयीने बासकडे ओढला जातो.

ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच राहतो, पियानोसारखा विरत नाही. त्यामुळे चालीत तोच स्वर लागोपाठ आला तर मध्ये स्वच्छ उचलून पुन्हा वाजवायचा, नाहीतर शब्द कुठे सुरू झाला हे मंडळीला कळत नाही. मधल्या ओळींत मात्र तोच स्वर पुन्हा आला तर बहुतेक वेळा धरून ठेवायचा. सगळंच उचललं तर गाणं तुटक होतं, सगळंच धरलं तर लय सांडते. पियानोची सवय असलेले लोक स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर भिस्त ठेवतात. गीताचा सराव त्याशिवाय करा. पट्टी दाबलेली ठेवूनच तिच्यावरचं बोट बदलायला शिका आणि बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवा.

गीताआधी वाजवायची सुरुवात, पहिली किंवा शेवटची ओळ, ज्या लयीत मंडळीने गायचं आहे त्याच लयीत हवी. तिच्या शेवटी लय ओढली की मंडळी त्या ओढलेल्या लयीतच उठते आणि पुढची सगळी कडवी रेंगाळतात. शेवटचा कॉर्ड, मग ठरलेल्या मात्रांची विश्रांती, मग पहिलं कडवं. तेवढीच विश्रांती प्रत्येक दोन कडव्यांमध्ये, कारण मंडळी तिच्यावरच श्वास घेते. स्वतः शब्द गात गात वाजवा, म्हणजे श्वासाची जागा आपोआप कळते. आपल्याकडे तीच चाल मराठी, कन्नड, कोंकणी अशा दोन-तीन भाषांत म्हटली जाते आणि प्रत्येकीत शब्द वेगळ्या जागी तुटतो. ज्या भाषेची उपासना असेल त्या भाषेचे शब्द स्वरांखाली लिहून श्वासाच्या खुणा वेगळ्या करा.

ऑर्गनचा आवाज स्टॉप नावाच्या खुंट्यांनी निवडतात. आठ फुटी स्टॉप म्हणजे लिहिलेलाच स्वर, चार फुटी एक सप्तक वर, सोळा फुटी एक सप्तक खाली. मंडळीसाठी आठ आणि चार पुरेत, चर्च भरलेलं असेल तर दोन फुटी जोडा. कीबोर्डवर थरथरणारा आवाज आणि रोटरी (फिरत्या स्पीकरसारखा) परिणाम बंद ठेवा.

स्वरपट्टी बदलून वाजवणं ही वरच्या ग्रेडच्या ऑर्गन परीक्षेतली चाचणी, आणि सकाळच्या उपासनेतली रोजची गरज. कीबोर्डवरचं ट्रान्सपोज बटण इथे उपयोगाचं नाही. हार्मोनियम शिकलेल्याला सा हलवायची सवय असते, तिचा फायदा घ्या: बासची ओळ सरगममध्ये लिहा. समजा बास आहे सा सा ध म प सा. जी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये, तो जी जी ई सी डी जी होतो. सूर खाली आणून पांढरी चार घेतली की तोच एफ एफ डी बी फ्लॅट सी एफ. म इथे काळी पाचवर गेला. चूक नेमकी याच स्वरावर होते. प्रत्येक स्वरपट्टीत म आणि नि कुठे पडतात एवढं पाठ केलंत तर निम्मं काम झालं.

भजनांना मात्र हा चौकटीतला हिशोब लावू नका. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदं आहेत, आणि राग धरून म्हटल्या जाणाऱ्या चालींवर प्रत्येक स्वराला कॉर्ड लावला की राग मोडतो. भूप घ्या: त्यात म आणि नि नाहीत. तीन मुख्य कॉर्ड आहेत सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. म्हणजे तिसऱ्यात नि आला, दुसऱ्यात म. भूपातल्या चालीला सा-ग-प आणि ध-सा-ग एवढंच द्या, किंवा नुसता सा-प धरून ठेवा. भजनी ठेका आणि केरवा आठ मात्रांचे, दादरा सहा मात्रांचा. तबला असेल तर डाव्या हाताने ताल ठोकू नका.

समोरासमोरच्या परीक्षेत सरावाशिवाय वाचून वाजवण्याच्या चाचणीला आधी साधारण अर्धा मिनिट मिळतो. त्यात स्वरपट्टी, ताल, मध्येच आलेले शार्प-फ्लॅट आणि शेवटचे दोन कॉर्ड पाहा. सुरुवात केल्यावर चूक दुरुस्त करायला थांबायचं नाही. स्वर चुकला तर थोडं नुकसान, लय तुटली तर जास्त. रोज गीतपुस्तकातलं एक न वाजवलेलं गीत, एकदाच, हळू लयीत: याहून चांगला सराव मला माहीत नाही. कानाच्या चाचणीसाठी ओळींचे शेवट ऐका. गीताच्या अखेरीस म्हटलं जाणारं आमेन बहुधा म-ध-सा वरून सा-ग-प वर येतं, त्या शेवटाला प्लेगल म्हणतात. प-नि-रे वरून आलं तर परफेक्ट.

रोज पाऊण तास पुरतो: दहा मिनिटं स्केल, वीस मिनिटं रचना, दहा मिनिटं येत्या रविवारचं एक गीत, पाच मिनिटं नवं वाचन. ग्रेडनुसार नऊ महिने ते वर्ष धरा.

व्हिडिओची परीक्षा शक्यतो जून ते सप्टेंबर टाळा. पावसाळ्यात हार्मोनियमचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, रीड गंजतात. अडकलेल्या पट्टीला तेल लावू नका, धूळ चिकटून ती आणखी बसते. झाकण बंद ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कीबोर्ड यूपीएसवर जोडा, कारण चित्रण सलग हवं, कापून जोडलेलं चालत नाही. तिसऱ्या रचनेत वीज गेली तर पहिल्यापासून करावं लागतं. कॅमेरा बाजूने लावा, चेहरा, दोन्ही हात आणि पट्ट्या एकाच चौकटीत दिसल्या पाहिजेत. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर तो दिवस सोडून द्या.