कॅप्सूलवालं औषध उन्हात टिकतं, मग दुपारी फवारावं का?

सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदारांचा प्रश्न आहे : "दुकानदार म्हणतो, हे कॅप्सूलवालं औषध आहे, उन्हात उडत नाही, भर दुपारी मारलं तरी चालतं. साध्या औषधापेक्षा महाग आहे. घ्यावं का?" अक्कलकोट आणि बार्शीकडच्या तूरवाल्यांनीही थोड्याफार फरकानं हेच विचारलंय, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

दुपारचं आधी निकालात काढू. चालत नाही. आपल्याकडच्या उन्हात थेंब पानावर पसरायच्या आत सुकतो, बारीक तुषार वाऱ्यावर शेजाऱ्याच्या बांधावर जातात, आणि पंप पाठीवर घेतलेला गडी उकाड्यानं वैतागून तोंडावरचा मास्क काढून ठेवतो. यातल्या एकाही गोष्टीवर कॅप्सूल हा उपाय नाही.

आता मूळ मुद्दा. 'औषध उडालं' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. काही औषधं वाफ होऊन जातात. काहींचा रेणू उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतो. आणि काही तर फवारणीआधी टाकीतच खराब होतात, कारण पाणी बोअरचं, सामू (पीएच) आठच्या वर. या तिसऱ्या नुकसानीचा आळ बिचाऱ्या उन्हावर येतो. निंबोळीतलं अॅझाडिरॅक्टिन अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही, त्यामुळे अशा पाण्यात महागडं निमऑइल ओतून संध्याकाळपर्यंत टाकी तशीच ठेवली तर पैसे पाण्यात. पीएच पट्टीनं पाणी तपासा, सामू सहा ते सातच्या दरम्यान आणा आणि द्रावण लगेच वापरा. महाग औषधाआधी हा स्वस्त उपाय करून बघा.

उन्हाला खरोखर नाजूक असलेली औषधं कोणती? निंबोळी अर्क, घाटेअळीचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही, बीटी म्हणजे अळी मारणारा जिवाणू, आणि इमामेक्टिन बेंझोएट हे अळीनाशक. इमामेक्टिन पानाच्या पृष्ठभागावर उन्हात झपाट्यानं विघटित होतं, पण जेवढं पानात मुरतं तेवढं सुरक्षित राहतं आणि अळी पान खाते तेव्हा पोटात जातं. म्हणून ते उन्हं कलल्यावर फवारायचं, रात्रभर मुरायला वेळ मिळतो. तुरीवर एचएएनपीव्ही मारतानाही संध्याकाळच धरा. त्यात नीळ मिसळायची शिफारस आहे ती अतिनील किरणांपासून विषाणूला आडोसा मिळावा म्हणून, रंग दिसावा म्हणून नव्हे.

रेणूला आडोसा द्यायची हीच कल्पना पुढे नेली की एनकॅप्सुलेशन होतं, म्हणजे औषध आवरणात बंद करणं. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात त्यांची सरमिसळ होते. पहिला खऱ्या अर्थानं रेणूपातळीवरचा. स्टार्चवर विशिष्ट विकराची (एन्झाइमची) प्रक्रिया करून सायक्लोडेक्स्ट्रिन बनवतात. ग्लुकोजच्या सहा, सात किंवा आठ घटकांचं हे कडं बिनबुडाच्या बादलीसारखं असतं : बाहेरून पाण्याशी जमणारं, आतून तेलकट. पाण्यात न विरघळणारा कीटकनाशकाचा रेणू त्या पोकळीत जाऊन बसतो. तिथं त्याची विद्राव्यता वाढते, आणि बऱ्याचदा उन्हातली तूटही कमी होते. बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. काही रेणू या कड्यात बसल्यावर उलट लवकर तुटतात, त्यामुळे प्रत्येक औषधाची स्वतंत्र चाचणी लागते.

तुमच्या दुकानात ज्याला कॅप्सूल म्हणतात तो बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो : पॉलिमरच्या पातळ कवचातले काही मायक्रॉनचे थेंब. लेबलवर टक्क्यांपुढं 'सीएस' लिहिलेलं असतं. याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पेंडीमिथॅलिन ३८.७ टक्के सीएस हे तणनाशक. त्याचंच ३० टक्के ईसी, म्हणजे द्रावकात विरघळवलेलं साधं औषध, जमिनीवर पडलं की काही वाफेनं, काही उन्हानं वाया जातं. सीएसमध्ये हा तोटा कमी. इथं जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त जमिनीत ओल हवी आणि तण उगवायच्या आधी फवारणी हवी. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के सीएस या कीटकनाशकाचं गणित वेगळं आहे. हा पायरेथ्रॉइड गटातला रेणू मुळातच उन्हाला बऱ्यापैकी सोसतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संस्थेत १९७३ साली याच गटातलं परमेथ्रिन तयार झालं, तेव्हापासून या गटाचे रेणूच उन्हात टिकतील असे घडवले गेले. त्याच्या कॅप्सूलचा मोठा फायदा फवारणाऱ्याला : चेहऱ्याची, हाताची चुणचुण आणि आग कमी होते. उन्हासाठी म्हणून जादा पैसे देत असाल तर थांबा.

टिकाऊपणाची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. कवचाचे कण परागकणांएवढे असले तर मधमाशीच्या अंगाला चिकटून पोळ्यात जातात. अमेरिकेत मिथिल पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या अशा कॅप्सूलनं पोळी मेल्याची नोंद आहे. डाळिंब फुलोऱ्यात असताना, तूर कळीत असताना हे विसरू नका. निर्यातीच्या डाळिंबाला आणि द्राक्षाला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस, त्याच डब्याच्या लेबलवरचा पाळा. ईसीचे दिवस सीएसला लावू नका. पीक लेबलवर नसेल तर ते औषध त्या पिकावर वापरायचंच नाही. डाळिंबासाठी शंका असेल तर सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं फवारणी वेळापत्रक पाहा.

अक्कलकोटहून एकांनी विचारलंय, सायक्लोडेक्स्ट्रिन स्टार्चपासूनच होतं तर टाकीत साबुदाण्याची पेज घातली तर? डोकं चांगलं चालवलंय, पण नको. पेजेत नुसता स्टार्च असतो, त्याची कडी आपोआप तयार होत नाहीत. नोझल मात्र नक्की चोंदेल. आणि सीएसचा डबा वापरण्याआधी नीट हलवून घ्या, तळाशी साका बसतो. टाकीत ईसी औषधही घालायचं असेल तर सीएस आधी पाण्यात पूर्ण मिसळू द्या, ईसी त्यानंतर. दोन्ही औषधं पाण्याविना एका बादलीत एकत्र करू नका, ईसीतलं द्रावक कवचाला बाधू शकतं.