ह्यूजचा फोन

प्रश्न असा आहे: 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ही जपानी ॲनिमे मालिका बघून संपवली, आवडली, पण माएस ह्यूज १०व्या भागात मरतो आणि मालिका आहे ६४ भागांची. मग इतक्या वर्षांनीही लोक त्याच्या नावाने डोळे का पुसतात? विचारणाऱ्या ताईंना तो मुलीचे फोटो सारखे लोकांच्या नाकासमोर नाचवणारा, थोडा डोक्यात जाणारा माणूस वाटला.

ताई, तुम्हाला तसं वाटलं यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्याने डोक्यात जावं अशीच मांडणी आहे. मी ही मालिका चार वेळा पाहिली आहे आणि दर वेळी ह्यूज मला जास्त आवडत गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मालिका पाहिली नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळंच उघड केलं आहे.

आधी तो फोन बघा. ह्यूज सेंट्रलमध्ये, म्हणजे राजधानीत, लष्कराच्या तपास विभागात. त्याचा मित्र रॉय मस्टँग पूर्वेकडच्या मुख्यालयात. ह्यूज सरकारी लाइनवरून मस्टँगला फोन लावतो आणि सांगतो काय, तर एलिसिया आता तीन वर्षांची होणार. मस्टँग वैतागतो, मी कामात आहे म्हणतो. ह्यूज म्हणतो, मीही कामातच आहे. वर पुन्हा सल्ला, लवकर लग्न कर. पहिल्यांदा बघताना आपण हसतो आणि पुढे जातो. पण त्या हसण्यात आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसते: ह्यूजचा फोन आला की काहीतरी फालतू असणार. मस्टँगच्या मनातही तेच बसलेलं असतं. १०व्या भागातला घाव नेमका याच सवयीवर पडतो.

आता तो भाग आठवा. देशात कुठे कुठे दंगे आणि रक्तपात झाले ते नकाशावर मांडताना ह्यूजच्या लक्षात येतं की हे सगळं एका आकृतीत बसतंय. तेवढ्यात लस्ट येते, मालिकेतल्या खलनायकांपैकी एक. खांद्यात वार झालेला असताना तो सुरी फेकून तिच्यापासून सुटतो, फोनपर्यंत पोचतो, रिसीव्हर उचलतो आणि परत ठेवतो. लष्कराच्या आतल्या लाइनवर त्याचा भरवसा उरलेला नाही. ज्या लाइनवर तो बिनधास्त मुलीचं कौतुक करायचा, तीच आता धोक्याची. रक्ताळलेल्या खांद्याने तो रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनपर्यंत जातो. तिथून ऑपरेटर त्याला सांकेतिक कोड विचारते. बाहेरून फोन आला की तो नियमच आहे. आणि कोड सांगण्यात वेळ जातो.

मागे लेफ्टनंट रॉस येऊन उभी राहते, हातात पिस्तूल. ह्यूज सांगतो, तू रॉस नाहीस, तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे. हे वाक्य पटकन निघून जातं, पण मला तो सगळा माणूस त्यात दिसतो. त्याच्या हाताखालच्या एका अधिकारी बाईचा तीळ कुठे आहे हे त्याला जीव जायच्या क्षणीही आठवतं, कारण तो माणसांकडे नीट बघतो. त्या फोटोंमागेही तीच नजर आहे. तो असतो एन्वी, कुणाचंही रूप घेऊ शकणारा दुसरा खलनायक. तो मग हसत हसत तीळ उमटवतो. ह्यूज सुरी काढून वळतो, आणि समोर त्याची बायको ग्रेशिया असते. एन्वी आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी हात थांबतो. तेवढाच क्षण पुरतो.

रिसीव्हर लोंबकळतोय, खाली घरच्यांचा फोटो पडलाय, आणि पलीकडे मस्टँग नेहमीच्या त्राग्याने फोन घेतो. मग त्याची हाक ऐकू येते. आपल्याला ह्यूज दिसतोय, मस्टँगला नाही.

तुम्ही म्हणाल, प्रसंग चांगला बांधलाय म्हणून रडू येतं, पात्रात काय आहे? पात्राचं खरं वजन ३०व्या भागात, इश्वालच्या युद्धात आहे, आणि तिथे पोचेपर्यंत ह्यूजला जाऊन २० भाग झालेले असतात. त्यामुळे पहिल्या वेळी ते दोन धागे आपण जोडत नाही. इश्वालमध्ये अमेस्ट्रिसच्या, म्हणजे गोष्टीतल्या देशाच्या, सैन्याने लोकांचा संहार केला आणि ह्यूज त्या सैन्यात होता. तो अल्केमिस्ट (वस्तूचं रूप बदलायची विद्या, म्हणजे अल्केमी, जाणणारा) नाही, पण त्याचे हात स्वच्छ नाहीत. तिथे त्याला ग्रेशियाचं पत्र येतं आणि तो हरखतो. मस्टँग त्याला बजावतो की रणांगणावर असल्या गोष्टी बोलणारे लवकर मरतात, सिनेमात तरी तसंच होतं. आणि आपण का लढतोय या प्रश्नाला ह्यूजचं उत्तर किती साधं आहे: मरायचं नाही, एवढंच.

म्हणजे तो फोटो नाचवणारा बाप भोळा नाही. त्याने काय केलंय हे त्याला ठाऊक आहे आणि तेच हात घेऊन त्याला संसार करायचा आहे. त्याचा आनंद त्याने ठरवून, घट्ट धरून ठेवलाय. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा यांनी त्याला निर्दोष ठरवलेलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं. मस्टँग सत्तेच्या शिखरावर जायचं ठरवतो तेव्हा ह्यूज म्हणतो की मी खालून तुला आधार देईन. पुढे मेल्यावर त्याला दोन पदं बढती मिळते आणि तो मित्राच्या वर जातो. खालून आधार देणार होतास आणि वर जाऊन काय बसलास, असं मस्टँग थडग्यापाशी म्हणतो. त्यात चेष्टा अजिबात नाही.

मुलांशी तो कसा वागतो हाही मोठा भाग आहे. मालिकेचे नायक एड आणि अल हे भाऊ. मेलेली आई अल्केमीने परत आणायला गेले आणि शरीरं गमावून बसले; अलचा तर नुसता जीव एका चिलखतात आहे. एड १५ वर्षांचा, अल त्याहून लहान. सगळा देश त्यांच्याकडे एक सरकारी अल्केमिस्ट आणि एक चिलखत म्हणून बघतो. ह्यूज त्यांना घरी जेवायला नेतो. ९व्या भागात एड इस्पितळात आहे आणि त्याचा धातूचा हात दुरुस्त करायला या भावांची बालमैत्रीण विन्री लांबून आली आहे. तिला ह्यूज सरळ आपल्या घरी, एलिसियाच्या वाढदिवसाला घेऊन जातो. ही दोघं मला काहीच सांगत नाहीत, असं तिचं दुःख आहे. तो तिला समजावतो की पुरुष तोंडाने बोलत नाहीत, कृतीने बोलतात, आणि तुला काळजी नको म्हणूनच ते गप्प राहतात. आपल्याकडे लग्नकार्यात एखादा काका असतो ना, कोपऱ्यात रुसून बसलेल्या पोरीशेजारी जाऊन बसणारा? तसा तो बसतो. बाकी मोठी माणसं या मुलांना बातमी देतात, हुकूम देतात किंवा धोक्याची सूचना देतात.

अंत्यविधीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. एलिसिया विचारते, बाबांना का पुरताय, त्यांना खूप काम आहे असं ते म्हणाले होते, पुरलं तर ते काम कसं करणार? लहान मूल असंच विचारतं. नंतर सगळे गेल्यावर मस्टँग त्याच्या हाताखालच्या अधिकारी रिझा हॉकआयला सांगतो की माणूस परत आणायची अल्केमी कशी जमेल याचा हिशोब आपल्या डोक्यात आत्ता चालू आहे, आता त्या दोन भावांना काय वाटलं असेल ते कळतंय. मग तो टोपी नीट करतो आणि म्हणतो, पाऊस येतोय. आकाश कोरडं आहे. ती तसं म्हणते, तरी तो पाऊसच म्हणतो. त्याचा चेहरा ओला आहे. मस्टँगची अल्केमी आगीची आहे, आणि पावसात तो काही कामाचा नाही म्हणून आधी त्याची थट्टा झालेली असते. त्या दिवशी तो तसाच, हात चालत नसलेला उभा आहे.

आणि ६४ भागांचं म्हणाल तर, ह्यूज १०व्या भागानंतर गोष्टीतून जात नाही. मुलांना त्याची बातमी उशिरा कळते. सुरुवातीला मस्टँग त्यांना थाप मारतो की तो नोकरी सोडून गावी गेला. रॉसवर खुनाचा आळ येतो आणि तिला वाचवायला मस्टँगला तिचं मरण खोटं उभं करावं लागतं. ग्रेशियाकडून विन्री ॲपल पाय (सफरचंदाचा भाजलेला गोड पदार्थ) करायला शिकते. अलचं शरीर परत मिळालं की खायच्या पदार्थांची त्याची यादी आहे, त्यात तो ॲपल पाय येतो. ५३व्या भागात एन्वी मस्टँगसमोर येतो, वाचण्यासाठी ह्यूजचं रूपसुद्धा घेतो, आणि मस्टँगचा राग आणखी पेटतो. ५४व्यात तो त्याला जाळतच राहतो. त्या वेळी एड, इश्वालचा स्कार आणि पिस्तूल रोखलेली हॉकआय त्याला अडवतात. तुम्ही या दोन भागांत मस्टँगला बघा. फोनवर चिडचिड करणारा तो माणूस आहे, आणि त्या चिडचिडीची टोचणी त्याला ४० भाग झाले तरी लागलेली आहे.

माझी आई स्वयंपाक आवरून अधूनमधून माझ्या शेजारी येऊन बसायची. तिला गोष्ट ठाऊक नव्हती, नावंही ठाऊक नव्हती. ४०व्या भागाच्या आसपास तिने विचारलं, "अगं, तो मुलीचे फोटो दाखवणारा पुन्हा आलाच नाही का?" मला सांगावं लागलं. ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने दारातूनच म्हणाली, "आणि त्या पोरीचं काय झालं?"

आवाजाबद्दलही सांगते, कारण जपानीत पाहत असाल तर अर्धं काम आवाजाचं आहे. या गोष्टीवर दोन मालिका झाल्या, २००३ ची 'फुलमेटल अल्केमिस्ट' आणि २००९ ची 'ब्रदरहूड'. दोन्हींत ह्यूजला आवाज केइजी फुजिवारा यांचा आहे. कर्करोगाने त्यांचं निधन २०२० च्या एप्रिलमध्ये, ५५व्या वर्षी झालं. आपण शाळेतून आल्यावर हिंदीत जो शिन-चॅन बघायचो, त्याच्या बाबांचा, हिरोशी नोहाराचा, मूळ जपानी आवाजही २०१६ पर्यंत त्यांचाच होता. आपल्या कानावर तो आला नाही, पण जपानमधली कितीतरी मुलं त्याच आवाजात बाप ऐकत मोठी झाली. ह्यूजचा तो लाडाने वर चढणारा सूर आणि फोनपाशी एकदम खाली उतरलेला सूर एका बैठकीत ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

'ब्रदरहूड'मध्ये एक उणीव आहे, ती मान्य करते. या मालिकेला मूळ मांगाच्या सुरुवातीच्या घटना झपाट्याने उरकायच्या होत्या, कारण २००३ च्या मालिकेने त्या आधीच दाखवल्या होत्या. त्यामुळे ह्यूजला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि तुम्हाला तो वरवरचा वाटला त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे. २००३ ची मालिका ५१ भागांची आहे आणि तिथे त्याचा मृत्यू २५व्या भागात, म्हणजे जवळपास मध्यावर येतो. तिथे ६व्या भागात एलिसियाचा जन्मच दाखवलाय. ग्रेशियाला कळा सुरू होतात, ह्यूज डॉक्टरला आणायला धावतो आणि घरात तिच्यापाशी एड आणि अल असतात, आपली आई परत आणायला जाऊन शरीरं गमावून बसलेले दोघं. एक माणूस जन्माला येताना ते बघतात, आणि त्यात अल्केमीचा काही हात नसतो.

म्हणून तुम्हाला सुचवेन, पुन्हा १०वा भाग काढून बघू नका. २००३ च्या मालिकेचा ६वा भाग लावा आणि तिथून सलग २५व्यापर्यंत या. मधले भाग गाळू नका, त्यातले त्याचे फोनसुद्धा नाही.