नुसती फाउंड्री म्हणू नका दादा

प्रश्न: माझी मुलगी बीई मेकॅनिकल आहे, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला दोन वर्षं होऊन गेली. दहावी 93 टक्के, बारावी 71. तिला एमबीएला आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) नाहीतर आयआयएम पाहिजे. जीमॅट या प्रवेश परीक्षेला 700 लागतात म्हणे. तिच्या मैत्रिणी पुण्यात आयटीत आहेत, हिच्याकडं नुसती फाउंड्री. साखर कारखान्याचे चेअरमन ओळखीचे आहेत, शिफारसपत्रासाठी शब्द टाकलाय. एकजण निबंध लिहून द्यायचे 40 हजार मागतोय, आणि एका संस्थेकडून समाजसेवेचं सर्टिफिकेट मिळेल. अजून काय जोडू? – एक पालक, गोकुळ शिरगाव

नमस्कार दादा,

जोडायचं नंतर बघू, आधी काढायचं सांगतो. चेअरमन, 40 हजार आणि सर्टिफिकेट, तिन्ही काढा. कशासाठी ते खाली येतंच.

आयआयएम आणि आयएसबी तुम्ही एकाच पिशवीत टाकलंय, ते आधी सुटं करा. आयआयएमचा दोन वर्षांचा एमबीए म्हणजे कॅट ही प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटाला, दोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकाला 40 मिनिटं. तिथं शॉर्टलिस्ट लावताना दहावी, बारावी, डिग्री, अनुभव असं सगळं सूत्रात घालतात, प्रत्येक आयआयएमचं सूत्र वेगळं, काही ठिकाणी मुलींना थोडे जादा गुण असतात. पण बारावीचे 71 आता काय बदलत नाहीत, आणि अहमदाबाद-बेंगलोरला ते नडू शकतात, हे आत्ताच धरून चाला. आयएसबीचा पीजीपी हा एमबीएसारखा कोर्स एक वर्षाचा, हैदराबाद नाहीतर मोहाली, किमान 24 महिन्यांचा अनुभव लागतो, म्हणजे पोरगी त्यात बसते. तिथं लागतं ते जीमॅट किंवा जीआरई या दोनपैकी एका परीक्षेचा स्कोअर, निबंध, शिफारस, इंटरव्ह्यू. मार्क तिथंपण बघतात, पण माणूस काय काम करून आलाय हे वाचून ठरवतात. तिच्यासाठी माझं मत आयएसबीकडं, सोबत कॅट द्यायचीच तर देऊ दे, आणि महाराष्ट्राची एमबीएची सीईटी सोडू नका, 200 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, मुंबईचं जमनालाल बजाज त्यातून मिळतं आणि फी पण झेपणारी.

ते 700 चं डोक्यातून काढा. जीमॅट आता बदललीय, तीन सेक्शन, 45-45 मिनिटं, आणि स्कोअर 205 ते 805 असा, प्रत्येक स्कोअरच्या शेवटी 5 येतो, त्यामुळं 700 हा आकडाच आता मिळत नाही. जुन्या 700 ला जो पर्सेंटाइल होता तो नव्यात साधारण 645 च्या आसपास येतो. त्यात डेटा इनसाइट्स नावाचा सेक्शन आहे, टेबल आणि ग्राफ वाचून उत्तर काढायचं, रोज रिजेक्शन शीट (नाकारलेल्या मालाचा तक्ता) बघणाऱ्या पोरीला ते जड जाऊ नये. स्कोअर पाच वर्षं चालतो.

आता फाउंड्री. दादा तुम्ही 'नुसती' लिहिलंय ना, तिथंच सगळी गडबड आहे. आयटीवाल्यांचे अर्ज बी-स्कूलकडं, म्हणजे एमबीएच्या कॉलेजांकडं, ढिगानं येतात आणि बरेचसे एकसारखेच वाचायला लागतात. वाळू, भट्टी, कास्टिंग यातनं आलेली मुलगी त्या ढिगात किती असणार? पण नुसतं वेगळं असून भागत नाही, सांगता आलं पाहिजे. 'मी क्वालिटी टीममध्ये काम केलं, टीमवर्क शिकले' असलं लिहिलं तर गेलं पाण्यात. तिला बसवा आणि विचारा, पावसाळ्यात ब्लो होलचं (कास्टिंगमध्ये वायूमुळं राहणाऱ्या पोकळीचं) रिजेक्शन वाढतं का? वाळूतला ओलावा शिफ्टमध्ये किती वेळा मोजता? ती मोजणी वाढवून घ्यायला मोल्डिंगच्या जुन्या मिस्त्रींना तू कसं तयार केलंस, ते पहिल्यांदा काय म्हणाले, तू काय म्हणालीस? किती टक्क्यावरनं किती टक्क्यावर आलं? हे आकडे तिच्या रजिस्टरमध्ये असणारच. आणि त्याच्यापुढं पैशाचं. रिजेक्ट माल परत भट्टीत जातो म्हणून लोकांना वाटतं नुकसान काय नाही, पण वितळवायची वीज दुसऱ्यांदा गेली, कोअर (साच्यात घालायचा वाळूचा गाभा) गेला, मजुरी गेली, गिऱ्हाईकाची डिलिव्हरी लांबली. हा हिशोब जिला मांडता येतो ती इंजिनिअरिंगमधनं मॅनेजमेंटकडं का निघालीय हे वेगळं सांगावं लागत नाही. गिऱ्हाईकाचं नाव आणि रेट मात्र लिहू नका, टक्केवारीत भागवा, मालकांना एकदा विचारून.

आणि जिथं जमलं नाही तेही लिहू दे. मिस्त्रींनी ऐकलंच नाही असा एखादा प्रसंग असेल तर उलट चांगलाच.

निबंध तिनंच लिहायचा. आधी मराठीत बडबडून मोबाईलवर रेकॉर्ड कर म्हणावं, मग साध्या इंग्रजीत उतरव, व्याकरण कुणाकडूनही तपासून घ्या, तेवढी मदत चालते. विकतचा निबंध गुळगुळीत असतो, आणि इंटरव्ह्यूला त्यातल्याच वाक्यावर बोट ठेवून 'हे जरा सांग' म्हणाले की पोरगी अडकते. सर्टिफिकेटचं तर नावच काढू नका, कागदपत्रांची पडताळणी होते, खोटं निघालं तर मिळालेली सीट जाते. तिनं खरंच काही केलं असेल, 2019 किंवा 2021 च्या पुरात कुठं मदतीला गेली असेल, तर ते दोन ओळीत लिहा, सर्टिफिकेट नसलं तरी चालतं.

शिफारस तिच्या साहेबांची, ज्यांनी तिला काम करताना बघितलंय, झापलंय सुद्धा. फॉर्ममध्ये साहेबांना नेमकेच प्रश्न असतात, हिला कधी सुनावलं का, त्यावर हिनं काय केलं, असले. चेअरमनसाहेब तिथं काय लिहिणार, मुलगी चांगल्या घरातली आहे? साहेबांना इंग्रजीचं दडपण असेल तर तिनं दोन वर्षांतल्या कामांची यादी देऊन ठेवावी, लिहायचं त्यांनीच. आपल्याकडं बऱ्याच छोट्या कंपन्यांचा कारभार जीमेलवर चालतो आणि बी-स्कूलला शक्यतो ऑफिसचा मेल आयडी लागतो, तेव्हा तो आत्ताच काढून घ्या, शेवटच्या दिवशी ह्याच्यासाठी पळापळ होते.

इंटरव्ह्यूला गाव विचारतातच. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर इंजिनाचं कास्टिंग कोण घेणार, शिरोली-कागलच्या फाउंड्र्या मग काय ओतणार, यावर तिचं स्वतःचं मत पाहिजे. आणि कोल्हापुरी चप्पल. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला तसल्या चपला दाखवल्या आणि केवढा गोंधळ झाला, तर चपलेचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2019 चा, तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांचा मिळून आहे, एवढं तरी माहीत पाहिजे. नाहीतर कोल्हापूरची म्हणून हसतील.

आयएसबीचा पहिला राउंड साधारण सप्टेंबरात असतो, नक्की तारीख त्यांच्या साइटवर बघा, आणि त्याच्या आधी जीमॅट हातावेगळी झालेली बरी.

राहता राहिले चेअरमन. शब्द टाकलाय म्हणताय तर अवघडल्यासारखं होणार, पण सरळ जाऊन सांगा की साहेब, फॉर्मला ती जिथं काम करते तिथल्या वरिष्ठांची शिफारस मागतात. वाईट वाटून घेणार नाहीत, उलट एक पत्र लिहायचं वाचलं म्हणतील.