शब्द मोघम असले तर लिखाणात नेमकं काय बिघडतं?

तुमच्या प्रश्नातल्या "मोघम" या एका शब्दात दोन वेगळे प्रॉब्लेम एकत्र आलेत. मोघम म्हणजे अर्थाला हद्दच नाही, आणि द्व्यर्थी म्हणजे सरळ दोन अर्थ निघतात. आमच्याकडे ऐरोलीत सोसायटीच्या बोर्डावर "उद्या काही वेळ पाणी बंद राहील" असं लागतं, आता काही वेळ म्हणजे अर्धा तास की संध्याकाळपर्यंत, आणि उद्या म्हणजे कधीचं उद्या, कारण खाली तारीखच नसते! हे मोघम. ते निदान खटकतं तरी, माणूस फोन करून विचारतो.

"नवीन सभासदांची यादी" मात्र जास्त डेंजर, कारण यादी नवीन की सभासद नवीन हे कळत नाही आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही, तो आपला एक अर्थ धरून मोकळा होतो. यादी नवीन असेल तर "सभासदांची नवीन यादी" लिहा, शब्द तेच, नुसती जागा बदलली. "ठाणे स्टेशनबाहेर १२ ला भेटू" यातपण ईस्ट का वेस्ट, दुपार का रात्र ते लिहाच.

आणि हे फक्त भाषेचं नाही हां, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही तो रद्दबातल. त्यातच उदाहरण दिलंय, शंभर टन तेल विकायचं ठरलं पण कुठलं तेल ते कशावरूनच कळत नाही, म्हणून करारच बाद. भाडेकरार सही करताना "मेंटेनन्स वगैरे" मधलं वगैरे आधी खोडून घ्या, तिथे एकेक खर्च नाव घेऊन लिहायला लावा.