पहिली कथा लिहिताय? आधी एवढंच बघा

प्रतीकं, रूपकं वगैरे सध्या बाजूला ठेवा. आधी ठरवा की पात्राला नेमकं काय हवंय आणि आड काय येतंय, हे नसेल तर भाषा कितीही भारी असली तरी वाचक दुसऱ्या पानावर गळतो.

मग निवेदक, म्हणजे कथा सांगणारा. 'मी'ने सुरू केलंत तर 'मी'ला जे माहीत नाही ते सांगायचं नाही, नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त घसरतात, मधेच दुसऱ्याच्या मनात शिरतात.

'तो चिडला' ऐवजी त्याने कप कसा आपटला ते लिहा (प्रत्येक वाक्यात नको हं, वाचणारा दमतो). उपमा पानाला एखादी पुरे. पहिला परिच्छेद नुसता हवामानाचा असेल तर बिनधास्त उडवा.

फ्लॅशबॅकचं नंतर बोलू, आधी एकच प्रसंग दोन पानांत पूर्ण करा.