कोबाल्ट-६० चं 'मूलद्रव्यांतर' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की एका अनुवादात 'अणुभट्टीत मूलद्रव्यांतर करून कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत तयार केला' असं वाक्य आहे, तर ट्रान्सम्यूटेशनला, म्हणजे एका मूलद्रव्याचं दुसरं होण्याला, मूलद्रव्यांतर चालेल का, की सरळ किमया म्हणावं.

शब्द चालेल, अर्थ लगेच कळतो. पण ह्या वाक्यात तो नको.

मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉनच्या संख्येवरनं ठरतं. साधं कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवलं की ते एक न्यूट्रॉन गिळतं आणि कोबाल्ट-६० होतं, प्रोटॉन आधीही २७ आणि नंतरही २७, म्हणजे मूलद्रव्यांतर काही झालंच नाही, फक्त समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त) बदललं. आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाट्याच्या वीज बनवणाऱ्या अणुभट्टीत कोबाल्टचे रॉड घालून हेच करतात. खरं मूलद्रव्यांतर होतं ते नंतर, आपोआप, म्हणजे कोबाल्ट-६० बीटा कण टाकतं आणि त्याचं निकेल-६० होतं, आणि त्या वेळी जे दोन गॅमा किरण निघतात त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू असे बदलून जायला लागणारा काळ, साधारण सव्वापाच वर्षं, त्यामुळे सोर्स हळूहळू उतरत जातो आणि मधेमधे नवीन भर घालावी लागते. तेव्हा तिथे 'न्यूट्रॉनचा मारा करून' एवढंच लिहा.

आयोडीन-१३१ असतं तर मात्र शब्द बरोब्बर बसला असता. थायरॉइडच्या पेशंटला देतात ते. टेल्युरियम-१३० ला न्यूट्रॉन मिळाला की टेल्युरियम-१३१ होतं आणि ते बीटा कण टाकून आयोडीन होतं, प्रोटॉन ५२ चे ५३. इथे मूलद्रव्यही बदललं आणि सोर्सही मिळाला. १९३४ मधे इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरींनी अ‍ॅल्युमिनियमवर अल्फा कण मारून किरणोत्सर्गी फॉस्फरस-३० बनवला तिथेही दोन्ही एकदमच झालं, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

किमया नको म्हणतो मी. १९०१ मधे माँट्रियलला थोरियमवर काम करताना रसायनशास्त्रज्ञ सॉडी हरखून ट्रान्सम्यूटेशन म्हणाला तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने त्याला दटावलं की तसलं म्हणू नकोस, लोक आपल्याला किमयागार समजून मुंडकी उडवतील, अशी गोष्ट सांगतात. शिवाय मराठीत 'हाताची किमया' म्हणून तो शब्द आता कौतुकाकडे गेलाय.

सोर्सला स्रोत म्हणायचं की उद्गम? दोन्ही चालतात, कामावरची माणसं सोर्सच म्हणतात.

आणि त्याच अनुवादात लासलगावचे कांदे 'किरणोत्सर्गी' केलेत ते आधी काढा!! कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, त्याने कांदा स्वतः किरणं टाकायला लागत नाही. त्याला विकिरणित कांदा म्हणतात.